खासगी शाळा आणि मुलांचं पुढचं करिअर: पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

शाळा निवडताना पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे पुढे येतात. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. 'खासगी शाळा' म्हणजे मुख्यतः पालकांच्या फीवर चालणारी शाळा, एवढाच अर्थ इथे धरला आहे.

१. खासगी शाळेत शिकलेल्या मुलांना पुढे चांगल्या नोकऱ्या मिळतात, हे खरं आहे का?

मोठ्या पदांवर खासगी शाळांतून आलेली माणसं त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त दिसतात, हे खरं आहे. ब्रिटनचंच पाहा. तिथे साधारण ७ टक्के लोक खासगी शाळेत शिकलेले असतात. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के आणि सरकारी खात्यांच्या सर्वोच्च सचिवांपैकी ५९ टक्के तिथून आलेले निघाले. एवढी तफावत योगायोगाने पडत नाही.

पण ती शाळेने पाडली की घराने, हे या आकड्यांवरून कळत नाही. आणि फी भरण्याआधी पालकाला नेमकं तेच कळायला हवं. माझं मत आधीच सांगतो: चांगली खासगी शाळा मुलाच्या करिअरला खरोखर हातभार लावते. तो कशातून लागतो ते मात्र ओळखता आलं पाहिजे, कारण 'खासगी' या पाटीतून तो आपोआप येत नाही. का, ते प्रश्न २ आणि ३ मध्ये आहे. कशातून येतो, ते प्रश्न ४ मध्ये.

२. खासगी शाळांतल्या मुलांना जास्त गुण मिळतात, हे तर उघड दिसतं. मग शंका कशाला घ्यायची?

कारण ती मुलं शाळेत पाऊल टाकतात तेव्हाच बरीच पुढे असतात. घरात पुस्तकं असतात, अभ्यासाला शांत जागा असते, आईवडील शिकलेले असतात, अडलं तर शिकवणी लावता येते. त्यातून काही शाळा प्रवेशाच्या वेळी मुलं निवडून घेतात. वर्षाअखेरीस लागणाऱ्या निकालात हे सगळं मिसळलेलं असतं आणि श्रेय मात्र एकट्या शाळेला मिळतं.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना २००० सालापासून अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांची 'पीसा' ही चाचणी घेते. तिच्या निकालात खासगी शाळा बहुतेक वेळा पुढे दिसतात. पण सारख्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीतल्या मुलांची तुलना केली की सरासरीतली ती आघाडी पुसली जाते. अमेरिकेत हजारभर मुलांचा जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला होता. त्या माहितीवरचा अभ्यास २०१८ साली आला आणि त्यातही हेच दिसलं: घरचं उत्पन्न हिशोबात धरल्यावर खासगी शाळेचा वेगळा फायदा उरला नाही.

या सगळ्या सरासरी आहेत, हे विसरू नका. सरासरीच्या बरीच वर असलेली शाळा तुमच्या घराजवळ असू शकते, बरीच खाली असलेलीही असू शकते.

३. घरचा प्रभाव वगळून नुसत्या शाळेचा परिणाम मोजता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. जागा कमी आणि अर्ज जास्त असले की काही योजनांमध्ये चिठ्ठ्या टाकून मुलं निवडतात. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं एरवी सारखीच असतात, त्यामुळे पुढे दिसणारा फरक शाळेच्या नावावर जमा करता येतो.

कोलंबियात १९९१ पासून गरीब घरांतल्या मुलांना खासगी माध्यमिक शाळेसाठी व्हाउचर, म्हणजे फी भरायला सरकारी मदतीची कुपनं, मिळू लागली. ती सव्वा लाखावर मुलांपर्यंत पोहोचली. तीन वर्षांनी पाहिलं तर चिठ्ठी लागलेल्यांमध्ये आठवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १० टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरात दहा मुलांनी) जास्त होतं, मुख्यतः नापास होऊन त्याच वर्गात बसण्याचं प्रमाण घटल्यामुळे. वरच्या वर्गात गेलं तरच व्हाउचर चालू राहील अशी अट होती, तिचाही हातभार त्यात असणार.

आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये असाच प्रयोग झाला. चार वर्षांनंतर खासगी शाळेत गेलेली मुलं तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीनेच होती. हिंदीत पुढे होती. पण त्या शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता आणि तेलुगू-गणिताला त्या तासही कमी देत होत्या. कमी पैशांत, कमी तासांत तेवढंच शिकवलं, ही कामगिरी लहान नाही. तरीही 'खासगीत घातलं की मूल आपोआप हुशार होतं' हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरं उदाहरण अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचं. तिथे व्हाउचर घेऊन खासगी शाळेत गेलेल्या मुलांचं गणित पहिल्याच वर्षी बरंच घसरलं. योजनेत उतरलेल्या शाळांची पटसंख्या आधीपासूनच कमी होत चालली होती, म्हणजे त्या फारशा चांगल्या नसाव्यात.

तिन्ही ठिकाणी पाटी एकच होती, 'खासगी', आणि निकाल तीन प्रकारचे लागले. म्हणून 'खासगी की सरकारी' यावर रात्री जागवण्यापेक्षा 'या दोन शाळांपैकी कुठली' यावर विचार करा.

४. मग चांगल्या खासगी शाळेचा करिअरला नेमका कुठला उपयोग होतो?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि पालक तो सगळ्यात कमी विचारतात. चर्चा गुणांवर अडून राहते. करिअरला लागणाऱ्या पुष्कळ गोष्टी गुणपत्रिकेत कधी येतच नाहीत.

पहिली गोष्ट, माणसांशी वागता-बोलता येणं. अमेरिकेत १९८० ते २०१२ या काळात ज्या कामांत लोकांशी सतत संबंध येतो, अशा नोकऱ्यांचा वाटा सुमारे १२ टक्के-बिंदूंनी वाढला. गणित आणि माणसांशी वागणं या दोन्हींची गरज असलेल्या कामांत पगारही चांगले वाढले. ज्या शाळेत मूल आठवड्याला एकदा तरी उभं राहून बोलतं, गटात भांडत-जुळवून घेत एखादं काम तडीस नेतं आणि चुकलं तरी कुणी हसत नाही, त्या शाळेत ही तयारी रोज होते. ठरावीक अभ्यासक्रमाच्या पलीकडे वेळ काढणं खासगी शाळेला सोपं जातं. फीचा खरा मोबदला इथे मिळू शकतो.

दुसरी, शिक्षकाची नजर. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातल्या नववीच्या मुलांवरच्या अभ्यासात असं दिसलं की काही शिक्षकांमुळे मुलांची हजेरी, शिस्त आणि अभ्यासाची सवय सुधारते. आणि मूल शिक्षण पूर्ण करणार का, याचा अंदाज चाचणीच्या गुणांपेक्षा यावरून जास्त चांगला बांधता येतो. असा शिक्षक कुठल्याही शाळेत भेटू शकतो. पण शिक्षक टिकवणारी, त्यांना मुलांकडे बघायला उसंत देणारी शाळा असेल तर भेटण्याची शक्यता वाढते.

तिसरी, विषयांची मोकळीक. संगीत, संगणक, आणखी एखादी भाषा, रंगमंच, वादविवाद, यातलं काही शाळेतच चाखायला मिळालं तर मुलाला स्वतःचा कल लवकर कळतो. नंतर चुकीच्या शाखेत वाया जाणारी वर्षं वाचतात.

चौथी, मार्गदर्शन. कोणत्या अभ्यासक्रमाला कधी अर्ज करायचा, कुठली प्रवेश परीक्षा द्यायची, शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं, ही माहिती शिकलेल्या घरांत आपसूक असते. ज्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारं मूलच पहिलं, त्यांच्यासाठी समुपदेशक असलेली शाळा फार मोठा आधार ठरते. खासगी शाळेचा सर्वाधिक लाभ अशाच मुलांना होऊ शकतो, असं मला मनापासून वाटतं, आणि नेमकी तीच मुलं तिथे सर्वात कमी पोहोचतात.

ओळखींबद्दल वेगळा प्रश्न आहे, तो पुढचाच.

५. शाळेतल्या ओळखी पुढे कामाला येतात म्हणतात. खरंच येतात का?

येतात. पण सगळ्यांना सारख्या नाहीत. चिलीमध्ये नामांकित विद्यापीठांच्या व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांना जेमतेम प्रवेश मिळालेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल तपासली गेली. प्रवेशामुळे कंपन्यांच्या वरच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता बरीच वाढली, पण ती महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांची. त्याच वर्गात बसलेल्या मुलींना आणि इतर शाळांतून आलेल्यांना तो लाभ दिसला नाही. म्हणजे ओळखीचं जाळं असतं, आणि ते सगळ्यांना आत घेतंच असं नाही. मुलींचे पालक हे वाचून खचू नयेत. पण शाळा मुलींना पुढारपण देते का, हे त्यांनी जरूर विचारावं.

दुसरी बाजू आशेची आहे. अमेरिकेत ७ कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागांत गरीब घरांतल्या मुलांची सधन घरांतल्या मुलांशी मैत्री होते, तिथे ती मुलं मोठेपणी जास्त कमावतात, असं त्यात आढळलं. वेगवेगळ्या थरांतली मुलं जिथे एकत्र खेळतात, ती शाळा या दृष्टीने उजवी. सगळेच धनिक किंवा सगळेच गरीब असतील, तर हा लाभ दोन्हीकडे मिळत नाही.

६. लहान वर्गाचा खरंच फरक पडतो का?

पडतो, विशेषतः कोवळ्या वयात. १९८५ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यात सुरू झालेल्या प्रयोगात साडेअकरा हजारांवर मुलांना बालवाडी ते तिसरीच्या काळात चिठ्ठ्या टाकून १३ ते १७ मुलांच्या किंवा २२ ते २५ मुलांच्या वर्गात बसवलं गेलं. लहान वर्गातली मुलं गुणांत पुढे गेली आणि नंतर महाविद्यालयातही जास्त प्रमाणात गेली. एक गंमतीची गोष्ट या प्रयोगातून कळली: बालवाडीचा चांगला वर्ग मिळाल्याचा गुणांवरचा परिणाम पुढच्या इयत्तांत विरून गेला, पण मुलं सत्ताविशीत पोहोचल्यावर त्यांच्या कमाईत तो पुन्हा दिसला.

या सगळ्या सरकारी शाळा होत्या. तेव्हा खासगी शाळा पाहायला गेलात तर वर्गातली डोकी मोजा. चाळीस-पन्नास मुलं कोंबलेली असतील तर 'वैयक्तिक लक्ष' हा शब्द माहितीपत्रकातच राहतो.

७. सगळी वर्षं परवडणार नाहीत. मग प्राथमिकला खासगी शाळा घ्यावी की माध्यमिकला?

प्रश्न ६ मधला प्रयोग सुरुवातीच्या वर्षांच्या बाजूने बोलतो. घराजवळची मोफत शाळा प्राथमिकला चांगली असेल तर मात्र तिथेच ठेवा आणि पैसे शाखा निवडण्याच्या वर्षांसाठी राखा, कारण विषयांची मोकळीक आणि मार्गदर्शन (प्रश्न ४) तेव्हाच सर्वात जास्त लागतं. मधल्या वर्षांत नुसतं नाव बदलण्यासाठी शाळा बदलू नका.

८. फी जास्त म्हणजे शिक्षण चांगलं, असं धरायचं का?

नाही. फी इमारतीत, बसगाड्यांत, जाहिरातीत, जमिनीच्या भाड्यात जाऊ शकते. शिक्षकांच्या पगारात आणि प्रशिक्षणात किती जाते, तेच मुलापर्यंत पोहोचतं.

९. शाळा पाहायला गेल्यावर काय बघायचं?

शक्य असेल तर शाळा चालू असताना जा, प्रवेशाच्या दिवशी नको. मुख्याध्यापकांना विचारा की गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले. शिक्षक टिकत नसतील तर बाकी सगळं विसरा, कारण मुलाला ओळखणारा माणूसच तिथे उरणार नाही.

मुलांच्या वह्या मागा. पानापानावर नुसती बरोबरची खूण असेल तर कुणी वाचलेलं नाही. चूक का झाली हे लिहिलेलं असेल, मुलाने ती सुधारलेली असेल, तर शिकवणं चालू आहे. सगळ्या वह्यांत एकच उत्तर शब्दशः सारखं असेल तर फळ्यावरून उतरवून घेतलंय, हे समजून घ्या.

ग्रंथालयाला कुलूप आहे का बघा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या सामानावर धूळ आहे का बघा. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं मैदानाच्या कडेला उभं राहा. शिक्षक मुलांशी कसे बोलतात आणि मोठी मुलं लहानांशी कशी वागतात, हे तिथे दिसतं.

शेवटी माजी विद्यार्थ्यांबद्दल विचारा, पण पहिल्या आलेल्यांबद्दल नको. मधल्या फळीतली मुलं आता काय करतात, हे विचारा. आपली मुलं बहुतेक त्याच फळीत असतात. उत्तर चटकन आलं तर ती शाळा मुलांना विसरत नाही.

१०. शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. हा चांगल्या शाळेचा पुरावा आहे ना?

एकट्याने नाही. कच्च्या मुलांना आधीच्या इयत्तेतच दुसरीकडे जायला सांगितलं, किंवा परीक्षेला बाहेरून बसवलं, तरी निकाल शंभर टक्के लागतो. पाचवीत किती मुलं होती आणि त्यांपैकी किती दहावीला याच शाळेतून बसली, हे विचारा. मुलं कुठे होती आणि शाळेने त्यांना कुठपर्यंत आणलं, हे महत्त्वाचं. अभ्यासात कच्च्या मुलाला पास करणारी शाळा माझ्या लेखी हुशार मुलाला पहिला आणणाऱ्या शाळेहून मोठी आहे.

११. हुशार मुलांच्या शाळेत घातलं तर आमचं मूलही वर येईल का?

बॉस्टन आणि न्यूयॉर्क इथे प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. तिथे कसाबसा प्रवेश मिळालेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा पुढच्या चाचण्यांत दोघांत जवळजवळ काहीच फरक आढळला नाही. हुशार सोबती मिळणं एवढ्याने मूल वर येत नाही.

उलट एक धोका असतो. शिक्षणाच्या मानसशास्त्रात १९८० च्या दशकापासून वारंवार दिसलेली गोष्ट अशी: सारख्याच कुवतीची दोन मुलं असली, तर फार हुशार वर्गात बसलेलं मूल स्वतःला कमी लेखू लागतं. करिअरची निवड मूल स्वतःबद्दलच्या समजुतीवरून करतं. जे मूल 'मला गणित जमत नाही' असं ठरवून बसतं, ते त्या वाटेला जातच नाही. स्पर्धेने पेटून उठणारी मुलंही असतात. आपलं कुठलं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

१२. फीसाठी कर्ज काढावं का? बचत मोडावी का?

शालेय फीसाठी कर्ज काढू नये, असं मी स्पष्ट सांगतो. पहिल्या वर्षाची फी बघून निर्णय होतो आणि तिथेच फसायला होतं. शेवटच्या इयत्तेपर्यंतचा हिशोब मांडा: दरवर्षीची फीवाढ, गणवेश, पुस्तकं, वाहतूक, सहली, उपक्रमांचे वेगळे पैसे. त्यापुढे महाविद्यालय आहेच. करिअरशी थेट संबंध असलेला खर्च तेव्हाच येतो, आणि शाळेत सगळं संपवलेलं घर त्या वेळी हात आखडता घेतं. दहावीपर्यंत महागडी शाळा आणि पुढे पैशाअभावी मनाविरुद्धची शाखा, असा शेवट मुलासाठी फार वाईट.

आणखी एक. ओढाताण मुलापासून लपत नाही. 'तुझ्यासाठी आम्ही एवढं करतो' हे वाक्य रोज ऐकणारं मूल चुकायला घाबरतं, आणि चुकायला घाबरणारं मूल नवीन काही करून बघत नाही.

फी भरूनही घरात बचत होत असेल आणि आईवडिलांना मुलाबरोबर बसायला वेळ उरत असेल, तर खुशाल भरा. त्यासाठी दोघांना रात्री उशिरापर्यंत जादा काम करावं लागत असेल, तर मूल एक गोष्ट मिळवून दुसरी गमावतंय.

१३. दोन मुलं आहेत आणि एकाचीच फी परवडते. काय करावं?

मुलगा आहे म्हणून त्याला खासगी आणि मुलगी आहे म्हणून तिला मोफत शाळा, असा विचार मनात असेल तर तो आत्ताच सोडा. तो अन्याय आहे आणि मुलगी तो जन्मभर विसरत नाही. सर्वात सरळ मार्ग म्हणजे दोघांना एकाच, परवडणाऱ्या शाळेत घालणं आणि उरलेले पैसे दोघांच्या आवडीच्या शिक्षणावर खर्च करणं. अपवाद एकच: एका मुलाला अशी गरज आहे जी दुसरी शाळा भागवूच शकत नाही (प्रश्न १७). तेव्हा कारण दुसऱ्या मुलाला त्याच्या वयाला समजेल असं सांगा.

१४. शाळेचं माध्यम घरच्या भाषेपेक्षा वेगळं आहे. नोकरीसाठी ते चांगलंच ना?

जगभर चालणारी भाषा येणं नोकरीत उपयोगी पडतं, यात वाद नाही. पण ती भाषा शिकणं वेगळं आणि तिच्यातून सगळे विषय शिकणं वेगळं. मुलांना सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी शिफारस युनेस्कोने १९५३ मध्येच केली होती. विज्ञानाचं वाक्य पाठ आहे पण अर्थ सांगता येत नाही, ही अवस्था तुमच्या मुलाची असेल तर माध्यम त्याच्या आड येतंय. चौथी-पाचवीतल्या मुलाला आज शाळेत शिकवलेलं घरच्या भाषेत सांगायला लावा; दोन मिनिटांत कळेल. शिक्षक स्वतः त्या भाषेत मोकळेपणाने बोलतात का, हेही पाहा. पाटीवरचं माध्यम आणि वर्गातलं माध्यम पुष्कळदा वेगळं असतं.

१५. खासगी शाळा परवडतच नाही. मूल मागे पडेल का?

पडेलच असं नाही, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. प्रश्न २ मधले अभ्यास नेमकं हेच सांगतात. अमेरिकेत २५ लाख मुलांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात चांगला शिक्षक मिळालेली मुलं महाविद्यालयात जास्त प्रमाणात गेली आणि मोठेपणी जास्त कमावू लागली. आणि ती शिकली होती एका शहराच्या सरकारी शाळांमध्ये.

प्रश्न ४ मधल्या चार गोष्टींपैकी तुमच्या शाळेत कुठली कमी आहे ते बघा आणि तेवढीच बाहेरून भरून काढा. बोलण्याची सवय वाचनालयातल्या किंवा नाट्यशिबिरातल्या मुलांबरोबर लागते. मार्गदर्शनासाठी हव्या त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर मुलाला एक दिवस घालवू द्या. आणि पालकसभेला जा. पालक विचारपूस करतात अशा शाळेत शिक्षकही जास्त मन लावतात.

१६. शिष्यवृत्तीवर श्रीमंत मुलांच्या शाळेत जागा मिळते आहे. मूल बुजेल, अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे, तरी शक्य असेल तर जागा घ्या. ओळखींचा आणि मार्गदर्शनाचा फायदा अशा मुलाला सर्वात जास्त होऊ शकतो. दिल्लीत खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांना प्रवेश देणं भाग पडलं, तेव्हा काय झालं यावर अभ्यास आहे. त्यांच्याबरोबर शिकलेली सधन मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली आणि त्यांच्या एकूण गुणांवर फारसा परिणाम झाला नाही. एकत्र बसवल्याने दोन्ही बाजूंचं भलं होतं, फक्त शाळेने खरोखर एकत्र बसवायला हवं. शिष्यवृत्तीच्या मुलांची वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ असेल तर ती जागा नको. शिवाय शिष्यवृत्तीत काय धरलेलं नाही ते लेखी घ्या. सहलीच्या पैशांवरून वर्गासमोर नाव पुकारलं जाणं मुलाला फार लागतं.

१७. आमच्या मुलाला वाचन-लेखनात अडचण आहे. त्याच्यासाठी खासगी शाळा बरी का?

इथे सर्वसाधारण सल्ला लागू होत नाही. विशेष शिक्षक आणि लहान वर्ग असलेली खासगी शाळा अशा मुलाचं आयुष्य बदलू शकते. दुसऱ्या टोकाला, निकाल जपणारी शाळा त्यालाच पहिल्यांदा बाहेर काढते (प्रश्न १०). प्रवेशाआधी अडचण लपवू नका. ती सांगितल्यावर चेहरा बदलणारी शाळा आधीच कळलेली बरी. विशेष शिक्षक रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळवून द्यायची कागदपत्रं शाळा करते का, हे विचारा.

१८. निवासी शाळा करिअरला जास्त चांगली का?

काही मुलांना. फ्रान्समध्ये गरीब घरांतल्या मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळेत प्रवेश चिठ्ठ्या टाकून झाले. सुरुवातीला मुलं उदास झाली आणि पहिल्या वर्षी प्रगती दिसली नाही. दोन वर्षांनी गणितात ती पुढे गेली, पण मुख्यतः आधीपासून अभ्यासात चांगली असलेली. ज्याला आधीच जड जातंय, त्या मुलाला सुधारण्यासाठी वसतिगृहात पाठवू नका.

१९. एवढी फी भरून घातलं, आणि मूल म्हणतंय मला ही शाळा नको. ऐकावं का?

आधी 'का' ते शांतपणे विचारा, आणि शाळेतून आल्या आल्या नको. नवी शाळा असेल तर मित्र जमायला एक सत्र द्या. अभ्यास झेपत नसेल तर वर्गशिक्षकांना भेटून नेमका कुठला विषय अडतोय ते काढा. बहुधा एखाद्या विषयात मागचं राहिलेलं असतं आणि ते भरून निघतं. मूल ज्या क्षेत्राकडे ओढलं जातंय ते या शाळेत नाहीच, असं कारण असेल तर सत्र संपताना दुसरी शाळा बघायला हरकत नाही. मारहाण, चिडवणं, अपमान असं काही असेल तर भरलेल्या फीचा विचार न करता त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या, आणि दहा-पंधरा दिवसांत काही हललं नाही तर दाखला काढा.